ग्रंथपाल कोमाची आणि त्यांचे पाच वाचक

विशेष प्रतिनिधी

संगणकावरील एक्सेल शिकण्यासाठी एक तरुणी वाचनालयात पुस्तके मागावयास जाते. ग्रंथपाल यादी छापून देतात. यादीत संगणकाची पुस्तके आहेतच. पण सर्वांत शेवटी लहान मुलांच्या एका चित्रपुस्तकाचे नाव आहे. पुरातन वस्तूंचे दुकान थाटण्याचे स्वप्न पाहणाऱ्या लेखापालाला व्यवसायविषयक पुस्तकांच्या जोडीला वनस्पतींविषयीचे पुस्तक मिळते. बुद्धिबळासारख्या ‘गो’ या खेळावरील पुस्तके मागणाऱ्या निवृत्त गृहस्थांच्या हाती बेडकांवरील कवितांचा संग्रह पडतो. यादीतील शेवटचे पुस्तक चुकून आले असावे, असे प्रत्येकालाच क्षणभर वाटते. जपानी लेखिका मिचिको आओयामा यांच्या एका शांत, सौम्य कादंबरीची सारी उभारणी या ‘चुकी’वर झाली आहे.

‘ओसागाशिमोनो वा तोशोशित्सु मादे’ हे या कादंबरीचे मूळ नाव. ‘जे शोधत असाल, त्यासाठी वाचनालयापर्यंत यावे’ असा त्याचा साधारण अर्थ. जपानमधील दुकानांत वा स्थानकांवर ज्या धाटणीच्या सूचना लावलेल्या असतात, तीच धाटणी या शीर्षकात आहे. ‘तोशोकान’ म्हणजे ग्रंथालयाची स्वतंत्र इमारत, तर ‘तोशोशित्सु’ म्हणजे एखाद्या संस्थेतील पुस्तकांची खोली. लेखिकेने यातील दुसरा, लहान शब्द निवडला आहे. भव्य ग्रंथभांडाराची ही गोष्ट नसून एका कोपऱ्यातील खोलीची आहे, हे शीर्षकापासूनच स्पष्ट होते.

मुख्यतः बालसाहित्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या पॉप्लर या प्रकाशनसंस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये ही कादंबरी प्रसिद्ध केली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कोरोनामुळे जपानमध्ये आणीबाणी जाहीर झाली होती आणि अनेक ग्रंथालयांची दारे बंद होती. २०२१ च्या ‘होन्या ताइशो’ या पुरस्काराच्या स्पर्धेत तिला दुसरे स्थान मिळाले. २००४ पासून दिला जाणारा हा पुरस्कार समीक्षक ठरवीत नाहीत. देशभरातील पुस्तकांच्या दुकानांतील कर्मचारी मतदानाने ठरवितात. ॲलिसन वॉट्स यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०२३ मध्ये आला आणि ‘टाइम’ नियतकालिकाच्या त्या वर्षीच्या शंभर वाचनीय पुस्तकांच्या यादीत त्याचा समावेश झाला.

वार्ताहर ते कादंबरीकार

मिचिको आओयामा यांचा जन्म १९७० साली आइची प्रांतात झाला. विद्यापीठीय शिक्षणानंतर त्या ऑस्ट्रेलियात गेल्या आणि सिडनीतील एका जपानी वृत्तपत्रात त्यांनी वार्ताहर म्हणून काम केले. मायदेशी परतल्यावर त्या मासिकाच्या संपादन विभागात रुजू झाल्या. ‘मोकुयोबी नि वा कोकोआ ओ’, म्हणजे ‘गुरुवारी कोको’, हे त्यांचे पहिले पुस्तक २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. एका कथेतील गौण पात्र पुढच्या कथेत मुख्य व्हावे आणि परस्परांना न ओळखणारी माणसे नकळत एकमेकांच्या उपयोगी पडावीत, ही त्यांची पद्धत तेव्हापासूनची आहे. मासिकाच्या कचेरीतील दिवसांचा अनुभव ग्रंथालयाच्या कादंबरीतही उतरला आहे. तिच्यातील एक नायिका मासिकाची संपादक आहे.

शाळेशेजारची खोली

टोकियोतील एका प्राथमिक शाळेलगत ‘हातोरी कम्युनिटी हाऊस’ नावाचे नागरी केंद्र आहे, अशी कादंबरीत कल्पना केली आहे. तेथे संगणकाचे, खेळांचे वर्ग चालतात आणि आतल्या बाजूस एक छोटे वाचनालय आहे. केंद्र काल्पनिक असले तरी अशी केंद्रे काल्पनिक नाहीत. लेखिका राहतात त्या योकोहामा शहरात ‘कम्युनिटी हाऊस’ याच नावाची नागरी केंद्रे आहेत.

वाचनालयात शिरताच नोझोमी मोरिनागा ही तरुण मदतनीस भेटते. तिला पुढे ग्रंथपाल व्हावयाचे आहे. जपानमध्ये ‘शिशो’ म्हणजे ग्रंथपाल ही कायद्याने ठरवून दिलेली पात्रता असून ती मिळविण्यासाठी अभ्यासक्रम आणि अनुभव यांच्या अटी आहेत. पुस्तकांविषयी विचारावयाचे असेल तर नोझोमी आतल्या टेबलाकडे बोट दाखविते. तेथे सायुरी कोमाची बसलेल्या असतात.

कोमाची अवाढव्य देहाच्या आहेत. प्रत्येक वाचकाला त्यांच्यात वेगळेच काही दिसते. कुणाला गुहेत बसलेले पांढरे अस्वल, तर कुणाला नववर्षाच्या पूजेत एकावर एक रचलेल्या मोचीच्या गोल वड्या. त्या लोकरीच्या पुंजक्याला बारीक सुईने सतत टोचत असतात. या टोचण्याने लोकर घट्ट होत जाते आणि तिला आकार येतो. समोर कुणी आले की सुई बाजूला ठेवून त्या विचारतात, काय शोधत आहात? वाचक पुस्तकाचा विषय सांगतो. पण प्रश्न ऐकताना त्याच्या मनात दुसरेच काही हलून जाते. मग कोमाची अतिशय वेगाने कळफलक बडवितात, यादी छापतात आणि टेबलाच्या खणातून लोकरीची एक छोटी वस्तू काढून हातात ठेवतात. ती ‘फुरोकू’ म्हणजे पुस्तकाबरोबरची भेट. जपानी मासिकांसोबत पिशवी, डबी, खेळणे अशा वस्तू देण्याची जुनी प्रथा आहे, त्यांनाही हाच शब्द वापरतात.

पाच वाचक, पाच पुस्तके

कादंबरीत पाच प्रकरणे आहेत आणि प्रत्येक प्रकरण एका व्यक्तीने स्वतःच्या तोंडून सांगितले आहे.

तोमोका, वय २१. लहान गावातून शिक्षणासाठी टोकियोत आलेली ही मुलगी एका मोठ्या दुकानाच्या स्त्रियांच्या कपड्यांच्या विभागात काम करते. नोकरी लागली म्हणून करावयाची, एवढेच तिचे नोकरीशी नाते. तिला यादीत मिळते ‘गुरी आणि गुरा’. रिएको नाकागावा यांनी लिहिलेले आणि त्यांच्या धाकट्या बहिणीने चित्रे काढलेले हे पुस्तक १९६३ साली प्रथम आले. जपानमधील बहुतेकांनी ते लहानपणी वाचलेले असते. दोन रानउंदरांना जंगलात मोठे अंडे सापडते आणि ते त्याचा केक करून सर्व प्राण्यांना वाटतात, एवढीच गोष्ट. त्यांनी पॅनकेक केला होता, अशी तोमोकाची आठवण. प्रत्यक्षात पुस्तकात आहे ‘कासुतेरा’ हा स्पंजासारखा जपानी केक. तिला भेट म्हणून मिळालेली वस्तू असते लोकरीचा तवा. बाहेरच्या तयार अन्नावर जगणारी तोमोका खराखुरा तवा चुलीवर ठेवते, केक करपवते, पुन्हा करते. नोकरी बदलत नाही. पण स्वतःसाठी नीट स्वयंपाक करणारी मुलगी दुकानातील कामाकडेही निराळ्या नजरेने पाहू लागते.

रिओ, वय ३५. फर्निचर कंपनीच्या लेखा विभागात कामाला. शाळकरी वयात एका पुरातन वस्तूंच्या दुकानाने त्याला भुरळ घातली होती. तसे दुकान काढावे, हे स्वप्न ‘केव्हातरी’ या शब्दाखाली गाडलेले. ब्रिटनच्या राजघराण्याच्या आश्रयाखालील उद्यानविद्या संस्थेच्या पुस्तकात तो वाचतो, की झाडाचे जमिनीवरील आणि जमिनीखालील काम एकाच वेळी चालू असते. नोकरी की दुकान, असा पर्याय मांडण्याची गरजच नाही, हे त्याला येथून सुचते. जपानमध्ये हा विचार केवळ काव्यमय राहिलेला नाही. आयुष्यभर एकाच कंपनीशी निष्ठा राखणाऱ्या या देशात सरकारने २०१८ मध्ये नमुना सेवानियम बदलून कर्मचाऱ्यांच्या जोडव्यवसायाला अनुकूल भूमिका घेतली.

नात्सुमी, वय ४०. मासिकाची कर्तबगार संपादक. मुलीच्या जन्मानंतर लवकर कामावर परतली, तर तिची बदली संदर्भ विभागात झालेली. सौजन्याने, काळजीच्या स्वरात केलेला हा अन्याय आहे आणि लेखिकेने तो आवाज न चढविता लिहिला आहे. गरोदरपणामुळे वा मातृत्वामुळे होणाऱ्या अशा वागणुकीला जपानीत ‘मताहारा’ असा शब्दच रूढ झाला. ऑक्टोबर २०१४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाच्या कारणाने केलेली पदावनती तत्त्वतः बेकायदा ठरविली होती. नात्सुमीला चंद्राविषयीचे एक पुस्तक आणि लोकरीचा पृथ्वीगोल मिळतो. आपण केंद्रस्थानी असून जग आपल्याभोवती फिरते, या समजुतीतून तिला बाहेर यावे लागते. ती शेवटी दुसरी वाट धरते, पण पुस्तकांचे क्षेत्र सोडीत नाही.

हिरोया, वय ३०. चित्रकलेचे शिक्षण घेतलेला, पण नोकरीत न टिकलेला आणि आईबरोबर राहणारा. आईने भाजी आणावयास पाठविले म्हणून तो केंद्रात येतो. त्याला उत्क्रांतीविषयीचे सचित्र पुस्तक मिळते आणि त्यात आल्फ्रेड रसेल वॉलेस भेटतो. वॉलेसने १८५८ साली मलाय द्वीपसमूहातून डार्विनला आपला निबंध पाठविला. त्याच वर्षी १ जुलै रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले. तरीही जगाने नाव लक्षात ठेवले ते डार्विनचे. जगाने नोंद न घेतलेल्या माणसाच्या कामाचे काय होते, हा हिरोयाचा स्वतःचाच प्रश्न असतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी सरकारी पाहणीनुसार १५ ते ६४ या वयोगटातील सुमारे १४ लाख ६० हजार लोक समाजापासून तुटून घरात कोंडलेले, म्हणजे ‘हिकिकोमोरी’ आहेत. हिरोया त्यांच्याइतका एकटा पडलेला नाही. मात्र तो त्याच उंबरठ्याजवळ उभा आहे.

मासाओ गोन्नो, वय ६५. मिठाई तयार करणाऱ्या कंपनीतून निवृत्त झालेले. कंपनीचे ओळखपत्र गेल्यावर आपण कोण, हे त्यांना उमगत नाही. त्यांना मिळते शिनपेइ कुसानो यांच्या कवितांचे पुस्तक. १९०३ ते १९८८ या काळात होऊन गेलेले हे कवी जपानमध्ये ‘बेडकांचे कवी’ म्हणूनच परिचित आहेत. कवितेशी कधी संबंध न आलेले मासाओ त्या ओळी हाताने वहीत उतरवून घेऊ लागतात. त्यांना मिळालेली लोकरीची भेटवस्तू आहे खेकडा. खेकडा सरळ न चालता आडवा चालतो, ही साधी गोष्ट सतत पुढे जाण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला बरेच काही सांगून जाते.

भेटीचा अर्थ कोण लावतो?

कोमाची यांना माणसाच्या मनातले ओळखण्याची काही दैवी शक्ती असावी, असे वाचकाला वाटू लागते. लेखिकेने हा समज शेवटी स्वतःच दूर केला आहे. आपण काही जाणत नाही आणि काही देतही नाही. भेटवस्तूचा अर्थ घेणारा आपापला लावतो आणि पुस्तकाचेही तसेच असते, या आशयाचे कोमाची यांचे म्हणणे आहे. पुस्तकाने तोमोकाला केक करावयास सांगितले नव्हते. झाडांच्या पुस्तकात दुकान कसे काढावे, हे नव्हते. जे सापडले ते वाचणाऱ्याने वाचताना घडविले.

कादंबरीचे सामर्थ्य येथे आहे. ‘पुस्तके आयुष्य बदलतात’ हे घोषवाक्य सर्वांना पाठ आहे; पण त्यात सारे श्रेय पुस्तकाकडे जाते आणि वाचक औषध घेणारा रुग्ण ठरतो. आओयामा यांनी ते श्रेय वाचकाकडे परत दिले आहे.

या पाच आयुष्यांना जोडणारे धागेही असेच सहज उलगडतात. तोमोकाला संगणक शिकविणाऱ्या बाई या मासाओ यांच्या पत्नी निघतात. कोमाची सुया आणि लोकर ज्या बिस्किटांच्या डब्यात ठेवतात, ती बिस्किटे मासाओ यांच्याच कंपनीची. मासाओ यांची मुलगी पुस्तकांच्या दुकानात काम करते. नोकरी नसलेल्या हिरोयाला त्याच केंद्रात काम मिळते. ज्यांना आपण कुणाच्याही उपयोगाचे नाही असे वाटत होते, ते दुसऱ्या कुणाच्या तरी दिवसाला हातभार लावून गेलेले असतात.

बसमधून सुरू झालेले ग्रंथालय

असे टेबल आणि त्यामागे बसलेला ग्रंथपाल ही जपानमध्ये आपोआप घडलेली गोष्ट नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५० मध्ये तेथे ग्रंथालय कायदा झाला आणि सार्वजनिक ग्रंथालयांनी वाचकांकडून शुल्क घेऊ नये, हे त्यात ठरले. मात्र पुढील दशकभर बहुतेक ग्रंथालये विद्यार्थ्यांच्या अभ्यासिका बनून राहिली होती. टोकियोच्या पश्चिमेकडील हिनो शहराने १९६५ मध्ये इमारत न बांधता एका बसमध्ये ग्रंथालय सुरू केले. ‘हिमावारी’ म्हणजे सूर्यफूल हे त्या बसचे नाव. त्सुनेओ माएकावा यांच्या नेतृत्वाखाली ही बस वस्त्यावस्त्यांतून फिरू लागली. गृहिणी आणि मुले पुस्तके घरी नेऊ लागली. ग्रंथालयाचे पहिले काम पुस्तक घरी देणे हे आहे, हा विचार येथून देशभर पसरला.

त्याच्या जोडीला रुजली ती ‘रेफरन्स’ सेवा, म्हणजे वाचकाचा प्रश्न समजून घेऊन त्याला योग्य ग्रंथापर्यंत नेणे. जपानचे राष्ट्रीय संसद ग्रंथालय देशभरातील ग्रंथालयांना विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे यांचा सामाईक संग्रह चालविते. फुकुई प्रांताच्या ग्रंथालयाने तर वाचकांनी चुकीची सांगितलेली पुस्तकांची नावे गोळा केली. त्यांचे पुस्तक २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘दहा लाख वेळा जगलेले मांजर’ या प्रसिद्ध चित्रपुस्तकाची मागणी कुणी ‘दहा लाख वेळा मेलेले मांजर’ अशी केली होती. तोमोकाच्या आठवणीतील पॅनकेकची येथे आठवण व्हावी. वाचक जे मागतो ते नेहमीच अपुरे वा थोडे चुकलेले असते आणि त्यातून नेमके हवे ते काढणे, हेच ग्रंथपालाचे काम. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हे सूत्र भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडले होते. कोमाची त्याच परंपरेतील आहेत.

आसरा आणि अस्थैर्य

ग्रंथालय हे केवळ पुस्तकांचे नव्हे, तर आसऱ्याचे ठिकाण आहे, याचा प्रत्यय जपानला ऑगस्ट २०१५ मध्ये आला. उन्हाळी सुट्टी संपून १ सप्टेंबरच्या सुमारास शाळा सुरू होताना मुलांच्या आत्महत्या वाढतात, हे सरकारी आकडेवारीतून पुढे आले होते. त्या वेळी कामाकुरा शहराच्या ग्रंथालयाने ट्विटरवर एक आवाहन केले. शाळा असह्य होत असेल तर ग्रंथालयात या, दिवसभर बसलात तरी कुणी काही म्हणणार नाही, असा त्याचा आशय होता. हे आवाहन देशभर पसरले. कादंबरीतील हिरोया ज्या खोलीत कुणी हटकत नाही म्हणून बसतो, ती खोली वास्तवातही किती मोलाची आहे, हे त्यावरून कळते.

मात्र या टेबलामागील माणसाची स्थिती कादंबरीत येत नाही. २००३ पासून जपानमध्ये सार्वजनिक संस्थांचे व्यवस्थापन खासगी कंपन्यांकडे सोपविण्याची मुभा मिळाली. २०१३ मध्ये ताकेओ शहरातील ग्रंथालय एका पुस्तकविक्री कंपनीच्या व्यवस्थापनाखाली, कॉफीच्या दुकानासह पुन्हा सुरू झाले, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. आज सार्वजनिक ग्रंथालयांत काम करणाऱ्यांपैकी बहुसंख्य कायमस्वरूपी नोकरीत नाहीत. २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार पालिकांच्या सेवेतील अशा अनेकांची नेमणूक एका आर्थिक वर्षापुरती होते आणि त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. ग्रंथपाल होऊ पाहणाऱ्या नोझोमीचे पुढे काय होईल, हा प्रश्न कादंबरी मिटल्यावरच पडतो.

मर्यादा

कादंबरीला आणखीही मर्यादा आहेत. योगायोग फार जुळून येतात आणि प्रत्येक प्रकरण सुखाच्या दिशेनेच वळते. कोमाची यांच्या देहाकारावरील उपमा पाच वेळा आल्यावर थोड्या खटकतात. हिरोयासारख्या तरुणाला बाहेर काढण्यास वास्तवात एका पुस्तकापेक्षा अधिक काही लागते. ‘इयाशी’ म्हणजे मनाला दिलासा देणाऱ्या जपानी कादंबऱ्यांची सध्या जगभर लाट आहे. तोशिकाझु कावागुची यांची कॉफीगृहाची कथा किंवा सातोशी यागिसावा यांची मोरिसाकी या पुस्तकांच्या दुकानाची कथा ही तिची ठळक उदाहरणे. आओयामा यांची कादंबरीही याच पंगतीत बसविली जाते. परंतु येथे भूतकाळात नेणारी खुर्ची नाही की कोणताही चमत्कार नाही. नोकरी, मूल, वय आणि पैसा यांचे प्रश्न जेथे होते तेथेच राहतात. बदलते ते त्यांच्याकडे पाहणाऱ्या माणसाचे उभे राहणे.

‘तोत्तोचान’मधून ज्या मराठी वाचकांना एका जपानी शाळेची आणि मुलाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणाऱ्या मुख्याध्यापकांची ओळख झाली, त्यांना या वाचनालयातही परके वाटणार नाही. तेथेही आधी ऐकून घेतले जाते, मग काही हातात दिले जाते.

पाचही वाचक कोमाची यांच्याकडे ठरवून आले नव्हते. कुणी वर्गासाठी आले, कुणी मुलीला घेऊन, कुणी भाजी घेण्यासाठी. जाता जाता दार उघडे दिसले, आत टेबल होते आणि टेबलामागे विचारणारे कुणीतरी बसलेले होते. पुस्तकाचा अर्थ वाचकाने लावावयाचा असतो हे खरे. पण त्याआधी ते दार उघडे राहावे लागते आणि त्या खुर्चीवर कुणीतरी असावे लागते.